संगणकाच्या आज्ञावलीत टीप नेमकी कुठे लिहावी?

४ जून १९९६ रोजी सकाळी दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपच्या 'एरियन ५' या नव्या प्रक्षेपकाने पहिले उड्डाण केले. मुख्य इंजिन पेटल्यानंतर अवघ्या ३७ सेकंदांनी, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर असताना, तो अचानक आपल्या मार्गावरून वळला, हवेच्या दाबाखाली मोडू लागला आणि त्यातील स्वयंविनाशक यंत्रणेने त्याचे तुकडे केले. सूर्यवात आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या अभ्यासासाठी तयार केलेले 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रहही त्यासोबत नष्ट झाले.

फ्रेंच गणिती जाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला. दोष इंजिनात नव्हता की इंधनातही नव्हता. दोष होता प्रक्षेपकाची दिशा व वेग मोजणाऱ्या यंत्रणेच्या आज्ञावलीत. आडव्या वेगाशी संबंधित असलेली ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसविण्याचा प्रयत्न संगणकाने केला. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. संख्या मोठी निघाली, आज्ञावली अडली आणि ती यंत्रणा बंद पडली. तिची जोडीदार असलेली राखीव यंत्रणा त्याच आज्ञावलीवर चालत असल्याने, त्याच कारणाने, ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडलेली होती. बंद पडताना यंत्रणेने पाठविलेली दोषनिदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि इंजिनांची तोंडे पार कडेपर्यंत वळविली.

हा सारा इतिहास संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. अहवालातील एका निरीक्षणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ही आज्ञावली जुन्या 'एरियन ४' साठी लिहिलेली होती. अशा प्रकारे ओसंडू शकतील अशा सात संख्या तिच्यात होत्या. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तीन मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि या तीन संख्या भौतिक कारणांमुळे एवढ्या वाढणारच नाहीत, असे अभियंत्यांनी ठरविले होते. 'एरियन ४' पुरते ते खरेही होते. 'एरियन ५' चा आडवा वेग सुरुवातीला सुमारे पाचपट झपाट्याने वाढत असे. निर्णय विचारपूर्वक आणि प्रकल्पातील भागीदारांच्या संमतीने झाला होता. परंतु त्याचे कारण प्रत्यक्ष आज्ञावलीत कुठेही नोंदलेले मंडळाला आढळले नाही. ते इतर कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात होते आणि त्यामुळे बाहेरून तपासणी करणाऱ्याच्या नजरेआड राहिले; कोणी ते जाणूनबुजून दडविले होते असे नव्हे.

केवळ एक टीप नव्हती म्हणून प्रक्षेपक कोसळला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. नव्या प्रक्षेपकाच्या मार्गाची माहिती घालून ती यंत्रणा तपासली असती तर दोष जमिनीवरच सापडला असता. तरीही नोंद होती, पण ती जिथे लागणार होती तिथे नव्हती, ही गोष्ट उरतेच.

समासातली टीका

आज्ञावलीत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक यंत्राने पाळायचा, दुसरा माणसाने वाचायचा. या दुसऱ्या मजकुराला टीप, अर्थात कॉमेंट म्हणतात. दोन तिरप्या रेघा, एखादे चौकटचिन्ह किंवा तारका यांसारखी खूण दिसली की पुढचा मजकूर कंपायलर सोडून देतो. १९५७ मध्ये आलेल्या 'फोरट्रान' भाषेत पंचकार्डाच्या पहिल्या रकान्यात 'सी' हे अक्षर छिद्रित केले की ते कार्ड टिपेचे ठरे. म्हणजे यंत्राच्या लेखी शून्य किमतीचा मजकूर लिहिण्याची सोय या क्षेत्रात सुरुवातीपासून आहे. आज्ञावली एकदा लिहिली जाते आणि अनेकदा वाचली जाते. वाचणारा बहुधा लिहिणारा नसतो.

मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका यांची मांडणी कशी करावी, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. जुन्या पोथ्यांमध्ये पानाच्या मधोमध ठसठशीत अक्षरांत मूळ श्लोक आणि त्याच्या वर-खाली बारीक अक्षरांत टीका लिहिण्याची पद्धत होती. तिला त्रिपाठ म्हणत. टीका स्वतंत्र पोथीत ठेवली तर दोन्ही पोथ्या एकत्र राहतीलच याची शाश्वती नसे. लेखनिकांनी व्यवहारातून काढलेली ही तोड होती.

संगणकाच्या जगात या दोन्ही पद्धती आढळतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये 'युनिक्स' प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. आज्ञावली एका पुस्तकात आणि भाष्य दुसऱ्यात. एरियनच्या चौकशी मंडळाच्या अध्यक्षांचे आडनाव रोमन लिपीत याच अक्षरांनी लिहितात, हा निव्वळ योगायोग. लायन्स यांच्या पुस्तकाच्या छायाप्रती पुढे वर्षानुवर्षे जगभर हातोहात फिरत राहिल्या. याच सहाव्या आवृत्तीत एका अवघड जागी डेनिस रिची यांची एक टीप होती. तिचा आशय असा, की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. वाचणाऱ्यांना ती उद्धटपणाची वाटली. परीक्षेत हे विचारले जाणार नाही, अशा अर्थाने ती लिहिल्याचे रिची यांनी नंतर सांगितले आणि मुळात तिथे काय घडते ते आम्हालाही नीट समजले नव्हते, अशी कबुलीही दिली. टीप अचूक ठिकाणी होती. आशयाच्या बाबतीत मात्र वाचकाच्या पदरात काही पडत नव्हते.

स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नुथ यांनी याच्या नेमके उलट टोक गाठले. आज्ञावलीत टिपा कसल्या पेरता, निबंध लिहा आणि त्यात आज्ञा पेरा, असा त्यांचा विचार. १९८४ मध्ये त्यांनी तो मांडला आणि 'टेक' ही आपली प्रसिद्ध अक्षरजुळणी प्रणाली त्याच पद्धतीने लिहिली. एकाच मूळ लेखनातून एक साधन यंत्रासाठी आज्ञावली काढते, तर दुसरे माणसासाठी छापील पुस्तक. ही पद्धत देखणी आहे, पण सर्वसामान्य कचेरीत ती रुजली नाही. उत्तम प्रोग्रॅमर आणि उत्तम निबंधलेखक एकाच माणसात क्वचितच सापडतात, हे त्याचे एक कारण असावे.

एकसारख्या दोन ओळी

टिपेची जागा चुकली की काय होते, याचे अधिक बोलके उदाहरण २००६ चे आहे. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीत यादृच्छिक संख्या तयार करणारा एक भाग आहे. कुलपाच्या किल्ल्या याच संख्यांपासून बनतात. त्या भागातील दोन वेगवेगळ्या फंक्शनांमध्ये अक्षरशः सारखी दिसणारी एकेक ओळ होती. 'डेबियन' या लिनक्स वितरणासाठी काम करणाऱ्यांना 'व्हॅलग्रिंड' हे तपासणीचे साधन या ओळींबद्दल इशारे देत होते. आधी न भरलेली स्मृती वापरली जात आहे, असे त्याचे म्हणणे. इशारे थांबावेत म्हणून दोन्ही ओळी काढून टाकण्यात आल्या.

त्यांपैकी एक ओळ काढल्याने काहीच बिघडले नसते. तिच्याशेजारी टीपही होती. 'प्युरिफाय' नावाचे तपासणीचे साधन इथे तक्रार करते, एवढेच तिच्यात लिहिले होते. दुसऱ्या फंक्शनातील जुळी ओळ मात्र साऱ्या यंत्रणेचा प्राण होती. बाहेरून गोळा केलेली यादृच्छिकता साठ्यात मिसळण्याचे काम तीच करी. तिच्याजवळ एक अक्षरही लिहिलेले नव्हते. निरुपद्रवी ओळीला टीप आणि जीवनमरणाची ओळ उघडी, अशी ही स्थिती होती.

ती ओळ गेल्यावर यादृच्छिकतेच्या नावाखाली उरला तो फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. एवढ्या किल्ल्या घरगुती संगणकावरही आधीच तयार करून ठेवता येतात. सप्टेंबर २००६ पासून डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर बनलेल्या किल्ल्या अशा कमकुवत होत्या. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला आणि जगभरच्या सर्व्हरचालकांना किल्ल्या नव्याने घडवाव्या लागल्या. पावणेदोन वर्षे कुलूप लावलेले दिसत होते, इतकेच.

या प्रकरणात कोणी आळस केला होता असे नाही. ओळ काढणाऱ्याने ती पाहिली होती, तिच्यावर विचारही केला होता. पण त्याच्या डोळ्यांसमोर जो मजकूर होता त्यात ही ओळ दिसते तशी नाही, हे सांगणारे काही नव्हते. बदल करणारा माणूस प्रकल्पाची जाडजूड पुस्तिका उघडून बसत नाही. त्याची नजर त्या पाच-दहा ओळींवर असते. म्हणून चमत्कारिक वाटणाऱ्या, पण मुद्दाम तशा ठेवलेल्या गोष्टीचे कारण त्या गोष्टीला चिकटूनच लिहिले पाहिजे; आणि तीच गोष्ट दोन ठिकाणी असेल तर दोन्ही ठिकाणी.

माथ्यावर काय, पोटात काय

याचा अर्थ प्रत्येक ओळीशेजारी टीप हवी, असा नव्हे. 'मोजणीत एक मिळवा' या आज्ञेपुढे 'मोजणीत एक मिळवला' असे लिहिणाऱ्यांची संख्या कमी नाही. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकांच्या वह्यांत टिपांना गुण असतात, त्या सवयीचे हे अवशेष म्हणावेत. अशा टिपांनी खरे नुकसान होते ते वेगळेच. शंभर निरर्थक टिपा वाचून कंटाळलेली नजर एकशे एकावी, खरी धोक्याची सूचनाही ओलांडून जाते. ब्रायन कर्निघन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७४ मध्येच बजावले होते, की वाईट आज्ञावलीवर टिपांचे ठिगळ लावू नये, ती पुन्हा लिहावी.

आज्ञावली काय करते ते तिच्यातील नावांवरून आणि रचनेवरून कळावे, ती तसे का करते ते टिपेतून कळावे, हा संकेत आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. पण एक तिसरा प्रकार आहे आणि त्याची जागा वेगळी. एखादे फंक्शन वापरणाऱ्याला त्याच्या पोटात डोकावायचे नसते. त्याला काय द्यायचे, काय परत मिळते, कोणत्या परिस्थितीत ते चूक कळविते, एवढेच त्याला हवे असते. औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर आणि कारखान्यातील कृतीची नोंद यांत जो फरक, तोच इथे आहे. हा मजकूर फंक्शनच्या माथ्यावर लिहितात.

माथ्यावरील मजकुराची जागा तर साधनांनीच ठरवून टाकली आहे. 'जावा' भाषेसोबत आलेले 'जावाडॉक' हे साधन अशा टिपा गोळा करून त्यांची संदर्भपाने तयार करते. मात्र टीप घोषणेच्या अगदी लगत वर असली पाहिजे. क्लासची टीप आणि क्लास यांच्यामध्ये दुसरे एखादे विधान शिरले की साधन ती टीप विचारात घेत नाही. 'गो' भाषेत टीप आणि घोषणा यांच्यामध्ये एक रिकामी ओळ सुटली तरी तेच होते. 'पायथन' मध्ये हा मजकूर फंक्शनच्या नावाच्या ओळीखाली, आत, पहिलेच विधान म्हणून लिहावा लागतो. त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात आणि त्याचे संकेत २००१ मध्ये निश्चित झाले. साधी टीप पायथन टाकून देतो, डॉकस्ट्रिंग मात्र आज्ञावली चालू असतानाही जवळ बाळगतो. म्हणूनच 'हेल्प' असे विचारले की ती पडद्यावर उमटते. एका ओळीच्या अंतराने मजकुराचे भवितव्य बदलते, ते असे.

पोटातील टिपांबद्दल मात्र एकमत नाही. लिनक्सच्या गाभ्याची लेखनशैली सांगणाऱ्या दस्तऐवजात फंक्शनच्या आत टिपा शक्यतो टाळाव्यात असे म्हटले आहे. आत ठिकठिकाणी खुलासे करावे लागत असतील तर फंक्शन फार गुंतागुंतीचे झाले, त्याचे तुकडे करा, असा त्यामागचा विचार. एखाद्या चतुर किंवा कुरूप युक्तीबद्दल छोटी सूचना आत लिहिण्यास मुभा आहे. नियम म्हणून तो चांगला आहे. पण एरियनमधील तीन मोकळ्या संख्या किंवा डेबियनमधून गेलेली ती ओळ या फंक्शनाच्या गुंतागुंतीच्या गोष्टी नव्हत्या. तिथे नियमापेक्षा अपवादाचीच गरज अधिक होती.

शिळ्या टिपा आणि जुना इतिहास

टिपेचा मोठा दुर्गुण हा, की ती खोटी झाली तरी यंत्र हूं की चूं करीत नाही. आज्ञा चुकली तर कंपायलर अडवतो. टीप चुकली तर ती तशीच राहते आणि पुढच्या वाचकाची दिशाभूल करते. आज्ञावलीशी विसंगत टीप असण्यापेक्षा टीप नसलेली बरी, असे पायथनची लेखनशैली स्पष्टच सांगते. टीप आणि आज्ञा यांत जितके अंतर अधिक, तितकी टीप शिळी होण्याचा संभव अधिक. वेगळ्या फाइलीतील दस्तऐवज सर्वांत आधी शिळा होतो. त्यावर पायथनने काढलेला एक उपाय नामी आहे. डॉकस्ट्रिंगमध्ये दिलेली उदाहरणे 'डॉकटेस्ट' हे साधन प्रत्यक्ष चालवून पाहते आणि उत्तर जुळले नाही तर तक्रार करते. निदान उदाहरणांपुरती तरी टीप खोटे बोलू शकत नाही.

कोणी, केव्हा, काय बदलले याच्या याद्या पूर्वी फाइलीच्या माथ्यावर ठेवीत. गेल्या शतकाच्या अखेरीस वर्ष दोन हजारची समस्या सोडविण्यासाठी मुंबई-पुण्यासह देशभरातील प्रोग्रॅमरांनी परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या कोबोल आज्ञावल्या ओळीओळीने वाचून काढल्या. मूळ लेखक कधी भेटणार नव्हते, अनेक जण निवृत्तही झाले होते. माथ्यावरच्या याद्या आणि विखुरलेल्या टिपा हाच काय तो त्यांच्याशी संवाद. आता या याद्यांचे काम लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट' सारख्या प्रणाली करतात. प्रत्येक बदलासोबत त्याचा खुलासा नोंदविता येतो आणि कोणतीही ओळ कोणत्या बदलात आली हे नंतर शोधता येते. सरकारी फाइलीत एका बाजूला पत्रव्यवहार आणि दुसऱ्या बाजूला टिप्पणी असते, त्यातलाच हा प्रकार. निर्णय पत्रात दिसतो, तो कसा झाला ते टिप्पणीत. अर्थात 'दुरुस्ती केली' एवढेच लिहिलेली टिप्पणी असून नसून सारखीच. शिवाय आज्ञावली उचलून दुसऱ्या प्रकल्पात नेली की हा इतिहास बहुधा मागे राहतो आणि ओळीशेजारची टीप तेवढी सोबत जाते. एरियनची आज्ञावली अशीच एका प्रक्षेपकातून दुसऱ्यात गेली होती.

टीप कोणत्या भाषेत लिहावी, याकडे यंत्राचे लक्ष नसते. देवनागरीत लिहिली तरी आजच्या कंपायलरांची हरकत नाही. वाचणाऱ्यांची असू शकते. मराठीतही उपलब्ध असलेल्या 'लिबरऑफिस' चे मूळ 'स्टारऑफिस' या जर्मन कंपनीच्या उत्पादनात आहे. त्याच्या आज्ञावलीत हजारो टिपा जर्मनमध्ये होत्या. २०१० मध्ये लिबरऑफिस प्रकल्प सुरू झाल्यानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी त्या इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले आणि ते अनेक वर्षे चालले.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञावली वाचून क्षणार्धात तिच्या टिपा लिहून देतात. ओळ काय करते ते त्यांना चांगले सांगता येते. तीन संख्या मोकळ्या का सोडल्या, हे मात्र कुठे लिहिलेलेच नसेल तर त्यांना कळणार कसे? उलट, अशी साधने बदल करताना आसपासच्या टिपा खऱ्या धरून चालतात, त्यामुळे शिळ्या टिपेचा एक नवा बळी आता तयार झाला आहे.

एरियनच्या चौकशी मंडळाने केलेल्या शिफारशींत निर्णयांच्या समर्थनाच्या दस्तऐवजांकडे आज्ञावलीइतकेच लक्ष द्यावे आणि दोन्ही एकमेकांशी सुसंगत राखण्याची पद्धत सुधारावी, अशीही एक शिफारस होती. 'क्लस्टर' चे उपग्रह पुन्हा बांधण्यात आले आणि २००० च्या जुलै व ऑगस्टमध्ये बैकानूरहून रशियाच्या सोयुझ प्रक्षेपकांनी ते अवकाशात सोडले. 'एरियन ५' नेही पुढे दीर्घकाळ सेवा केली. त्याचे शेवटचे उड्डाण जुलै २०२३ मध्ये झाले. वर्गात मात्र अजूनही त्याचे पहिलेच उड्डाण शिकविले जाते.